सवाशे टक्क्यांची रील

"रील निवडायची? बाबारावजी, हा तं आपल्या डाव्या हातचा मळ हाय!"

फोनवर शेषराव हे मोठ्या तोऱ्यात बोलून गेले आणि फोन ठेवल्याबरोबर त्यांना दरदरून घाम फुटला. कारण समुद्रातले मासे पकडायची रील कशी असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. रीलचं सोडा, समुद्रच त्यांनी पाहिला नव्हता! तेहतीस वर्षं भिलाईच्या प्लांटमध्ये क्रेन, साखळ्या आणि हुक तपासण्यात गेली. मासेमारी म्हणाल तर रविवारी उतईच्या तलावावर बांबूची गरी टाकायची आणि झाडाखाली डुलकी काढायची. मासा लागलाच तर तोच बिचारा यांना उठवायचा.

पण समोरची असामी साधी नव्हती. बाबाराव म्हणजे मोहितचे वडील, आणि मोहित म्हणजे शेषरावांच्या प्रांजलीनं विशाखापट्टणमला नोकरी करता करता स्वतः पसंत केलेला मुलगा. पोरांचं ठरलं होतं, थोरांचं ठरायचं होतं. बाबाराव मूळचे भंडाऱ्याकडचे, पण जन्म विशाखापट्टणमच्या प्लांटमध्ये काढलेला आणि आता रिटायर होऊन रोज मित्राच्या होडीतून मासे धरणारे. पुढच्या गुरुवारी ते घर पाहायला भिलाईला येणार होते. गप्पांच्या ओघात ते म्हणाले, "माही जुनी रील मिठानं खाल्ली. दीडशे ग्रामचे पॉपर फेकाले एक चांगली रील पाह्यजे. तुमी बी मासेवाले, अन् मशिनीवाले. तुमीच निवडून ठेवा, मी येईन तवा घेऊन जाईन."

"परीक्षा घेऊन राहिले ते माही!" शेषराव बायकोला म्हणाले. "रील चुकली तं लग्न गेलं समज."

"तं नाई म्हनाले काय झालं होतं?" अंजनाबाई म्हणाल्या. "भेंडी आनाले सांगतली तं निब्बर घेऊन येता, अन् समुद्राची रील निवडून राहिले!"

शेषरावांनी भिलाईच्या पॉवर हाउस भागातल्या बाजारात देवानंदचं दुकान गाठलं. देवानंदनं काचेतून एक चिमुकली रील काढून दिली. शेषरावांनी विचारलं, "समुंदर में चलेगी?"

"अंकल, ये तो रोहू-कतला वाली है," देवानंद म्हणाला. "समुंदर की बड़ी मछली इसको चाय के साथ खा जाएगी!"

मग सुरू झाला मोबाइल. चार दिवस शेषरावांनी जेवताना, दाढी करताना, देवासमोर हात जोडताना रीलच पाहिल्या. हळूहळू उजेड पडला. पॉपर म्हणजे लाकडाचा खोटा मासा. तो लांब फेकायचा आणि पाण्याच्या वरच्या वर गुबुक-गुबुक करत ओढायचा, म्हणजे खालून खरा मासा झडप घालतो. दिवसातून शंभर वेळा फेकायचा, म्हणून रील हलकी पाहिजे. मासा माणसाच्या वजनाचा असू शकतो, म्हणून रील भारी पाहिजे! खारं पाणी आत शिरू नये, दोरी सरसर सुटावी आणि मासा पळाला की रीलचा ब्रेक त्याला हळूहळू दमवेल असा पाहिजे. आकाराचे नंबर तर आठ हजारापासून वीस हजारापर्यंत. शेषरावांना स्वप्नातही नंबर दिसू लागले.

पण गिअरवर येताच ते खुर्चीतून उठले. "ऐकून राहिली का वो? भारी वजन असलं का हळू चालनारा गिअर पाह्यजे! अव, हे तं आपली क्रेनच हाय!"

मग काय विचारता! अठरा हजार नंबरची रील भक्कम, पण हातात पाटा धरल्यासारखी. दहा हजाराची हलकी, पण दोरी कमी मावणार. शेषरावांनी मधली चौदा हजार नंबरची, हळू गिअरची आणि पाणी न शिरणारी रील मागवली. खरं सांगायचं तर निवड अगदी बरोबर होती. माणूस इथंच थांबला असता तर त्याची तब्येतही बरी राहिली असती आणि आपल्याला ही गोष्टही सांगावी लागली नसती.

बुधवारी खोकं आलं. रील सुरेख होती. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, ब्रेकची ताकद पंचवीस किलो. शेषरावांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"लिवलं हाय, पन टेस्ट कोनं केलं?"

प्लांटचा कायदाच होता तसा. साखळी असो, हुक असो, दोर असो, कागदावर जेवढं वजन लिहिलंय त्याच्या सवाशे टक्के वजन दहा मिनिटं टांगायचं. टिकलं तरच पास. शेषरावांनी बिनटेस्टचा हुक कधी कुणाला वापरू दिला नव्हता, मग होणाऱ्या व्याह्याला बिनटेस्टची रील कशी द्यायची? त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. भर समुद्रात मोठा मासा लागला आहे, ब्रेक फेल झाला आहे, बाबाराव होडीतून पाण्यात आणि प्रांजलीच्या लग्नाच्या पत्रिका छापखान्यातच!

गुरुवारी सकाळी आठलाच ते कामाला लागले. बाबारावांना आणायला दुर्ग स्टेशनवर जायचं होतं, पण गाडीला अकरा वाजणार होते. वरांड्यातल्या टेबलाला लोखंडी शिकंजा लावून त्यात रीलचा पाय, म्हणजे काठीला बसवायचा दांडा, आवळला. तिची बारीक दोरी अंगणातल्या जांभळीच्या फांदीला बांधलेल्या कप्पीवरून घेतली. दुसऱ्या टोकाला नव्या तांदळाचा तीस किलोचा कट्टा आणि वर हिशेब पुरा करायला सव्वा किलो तूरडाळ. अंजनाबाई आत भज्यांचं बेसन कालवत होत्या. तांदूळ बाहेर गेलेत हे त्यांना कळलं नाही, म्हणून तर हे सगळं शक्य झालं.

कट्टा वर चढला. पहिल्यांदा ब्रेक किर्रर्र करत घसरला. शेषरावांनी तो करकचून आवळला. कट्टा थांबला. फाटकातून येणाऱ्या वाटेच्या बरोबर वर, डोक्यापासून दोन हात उंचीवर, केसाएवढ्या दोरीला लोंबकळत! शेषरावांनी घड्याळ लावलं. एक मिनिट. दोन मिनिटं. त्यांचं काळीज कट्ट्याबरोबर झुलत होतं.

सातव्या मिनिटाला फाटक वाजलं. कुणीतरी हातात पिशवी घेतलेला, टोपी घातलेला माणूस आत आला आणि थेट कट्ट्याखाली उभा राहून वर पाहू लागला. शेषरावांना वाटलं, कुरिअरवाला!

"ओ! लोडखाली कावून उभे राहिले? डोकं घरी ठेवून आले काय? हटा म्हनतो ना! येडेच दिसता!"

तो माणूस मुकाट्यानं चार पावलं मागं सरकला. टोपी काढली. हळूच म्हणाला, "शेषरावजीचं घर हेच ना? मी बाबाराव. रातच्याच गाडीनं आलो. म्हटलं, तुमाले स्टेशनचा तरास नको."

शेषरावांच्या डोळ्यांपुढे पोरीचा चेहरा आला. केवढ्या विश्वासानं ती म्हणाली होती, "पप्पा, तुम्ही असल्यावर मला काळजी नाही." आणि पप्पांनी तिच्या होणाऱ्या सासऱ्याला वेडा म्हणून घरात घेतलं होतं! त्यांना खरोखर रडू यायला लागलं.

"बाबारावजी, माफ करा," ते म्हणाले. "मले रीलमधलं काई समजत नाई. समुद्र बी नाई पाह्यला मी. फुशारकी मारली. तुमाले काई होऊ नये म्हनून टेस्ट करून राहिलो होतो. पोरीवर राग नका काढू."

बाबाराव कट्ट्याकडे बघत होते. मग कप्पीकडे. मग शिकंज्याकडे. त्यांच्या डोळ्यांत एकदम चमक आली.

"किती टक्क्यावर हाय?"

"सवाशे."

"किती मिनिटं?"

"धा."

"बराबर! लोडखाली मीच उभा राह्यलो, चुकी माही. तुमी बोलले ते योग्यच बोलले." बाबारावांनी बाह्या वर सारल्या. "पन शेषरावजी, मी बी तीस वर्षं हेच काम केलं. आमी दीडशे टक्क्यावर करत होतो."

"दीडशे? कायद्यात सवाशेच हाय जी!"

"भिनारे सवाशे करते!"

हे मात्र शेषरावांना लागलं. माफी गेली कुठल्या कुठं! "लावा मंग दीडशे," ते म्हणाले. "पाहू!"

वजन कमी पडत होतं सव्वासहा किलो. बाबारावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि कट्टा खाली घेऊन आपली पिशवी त्याच्या गाठीला अडकवली. शेषरावांनी कट्टा पुन्हा वर चढवला. दोघे नियमाप्रमाणे दहा हात लांब उभे राहिले. एक मिनिट गेलं. दोरी तंबोऱ्याच्या तारेसारखी वाजू लागली.

"पाहा," बाबाराव म्हणाले, "टिकली का ना—"

खट्!

दोरी तुटली नाही, ब्रेकही घसरला नाही. रीलचा पाय मोडला! कट्टा धाडकन खाली आला आणि रील सूं करून वर गेली, ती कप्पीत अडकून जांभळाएवढी निरागस लटकत राहिली. अंगणभर तांदूळ, तांदळावर डाळ, आणि पिशवीतून हळूहळू लालभडक तेल वाहू लागलं.

बाबारावांचा चेहरा पांढराफटक पडला. "आवकाय! लोनच्याची बरनी होती तिच्यात! मोहितच्या मायनं दिली होती. म्हनाली, प्रांजलीच्या मायच्या हातात द्या, रस्त्यात फुटली तं घरी येऊ नका."

मग बाबारावांनी शेषरावांचा हात घट्ट धरला.

"शेषरावजी, हे लग्न आता झालंच पाह्यजे."

"खरंच? पन... कावून?"

"कावून काय! लग्न ठरलं असं सांगतलं तं लोनच्याचं कोनी इचारत नाई. नाई ठरलं तं पयला सवाल बरनीचाच!"

शेषरावांनी त्यांना मिठीच मारली. पोरीचं लग्न जमलं होतं! त्याच वेळी अंजनाबाई बेसनाच्या हातांनी दारात आल्या. त्यांनी तांदूळ पाहिले, तेल पाहिलं, झाडावरची रील पाहिली. "कोनं केलं हे?"

"वहिनी, तोंड गोड करा!" बाबाराव ओरडले. "लग्न ठरलं!"

अंजनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि साखर आणायला आत धावल्या. "पाह्यलं?" बाबाराव कुजबुजले. "माह्या घरी बी असंच चालन."

बाबाराव रात्रीच्या गाडीनं परत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला तेव्हा शेषराव वरांड्यात सुपं मांडून तीस किलो तांदळातले अंगणातले खडे वेचत होते. अंजनाबाई समोर खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"काय म्हनाल्या वहिनी?" शेषरावांनी दबक्या आवाजात विचारलं.

पलीकडून बाबारावांचा आवाज त्याहूनही दबका आला.

"लय खूश झाली जी. मोजून धा मिनिटं. अकराव्या मिनिटाले बरनीचं इचारलं!"