शेवटच्या वाफ्याची पाटी

गोतमारे सर तणाला झारीने पाणी घालत. संत्र्याच्या कलमांना कोणीही घालतो. सर केना, दुधी, आघाडा, गोखरू यांना घालत. नागपूरच्या आमच्या कॉलेजात, फळबागेच्या कडेला त्यांनी अकरा वाफे केले होते. प्रत्येक वाफ्यात एक तण आणि पुढे टिनाची पाटी. पाटीवर वर लॅटिन नाव, खाली गावचं नाव. कलमं उन्हात माना टाकत, पण सरांचा गोखरू कसा पाटलाच्या जावयासारखा पोसलेला!

'नाव माहीत नाही, त्याले उपटाचं नाही,' हा त्यांचा कायदा. कोणी चालता चालता काडी तोडून दातांत धरली, की सर मागून गाठत.

"काय आहे ते?"

"गवत, सर."

"मंग तुही हाजरी मी नुसती 'माणूस' म्हणून लावू का गा?"

सत्तर सालाच्या मागचापुढचा तो काळ. दसरा झाला की नागपूरचं ऊन जरा माणसात येतं. सकाळी दव पडतं, बाजारात हिरवट संत्र्यांची पहिली रास लागते. बाकी कॉलेजांची पोरं तलावावर हिंडत आणि आम्ही उकिडवे बसून उद्यानविद्या शिकत असू. "शरदाचं सुख घ्या गा!" सर म्हणत. ते सुख घेताना माझ्या एकुलत्या एका पँटला कुसळं चिकटत.

लॅटिन नावं मला तोंडपाठ होती. घराण्यातला कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. गावची नावं शिकायला काही नागपूरला आलो नव्हतो. परीक्षेच्या कागदावर गावच्या नावाची खालची ओळ मी कोरी सोडायचो आणि सर त्यावर भोपळा द्यायचे. "तुले माहीत आहे. तू सांगून नाही राहिला," म्हणायचे. खरंच होतं ते. माझी माय जन्मभर लोकांच्या शेतात निंदायला, तण काढायला, जात होती. वर्गात मात्र मी सांगितलं होतं, आमची शेती आहे. शेती होतीच; मालक तेवढा दुसरा होता.

या कोऱ्या ओळींपायी मी तणाच्या प्रात्यक्षिकात एकदा नापास झालो होतो. सोमवारी फेरपरीक्षा होती. तीही गेली असती तर वर्ष गेलं असतं.

गंमत म्हणजे शेवटच्या वाफ्यातल्या सरांच्या पाटीचीही खालची ओळ कोरीच होती. मी एकदा तोंड उघडून विचारलं. "पुस्तकातलं नाव ठाऊक आहे मले," सर म्हणाले, "ते नाही पाहिजे." दुसऱ्यांना भोपळे वाटत फिरणाऱ्या माणसाचा हा न्याय!

रविवारी सकाळी माय भेटायला आली. मी वसतिगृहात आंघोळीच्या रांगेत. चौकीदाराने तिला फळबागेत सावलीला बसवलं. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. सरकारी बागेत एवढं तण माजलेलं पाहून तिला राहवलं नव्हतं. पदर खोचून तिने अकराच्या अकरा वाफे निंदून काढले होते. मुळांची माती झटकून, मुळं उन्हाकडे करून, जुड्या ओळीने मांडल्या होत्या. स्वच्छ मातीत अकरा पाट्या शिस्तीत उभ्या होत्या. मायला वाचता येत नव्हतं.

"तुह्या मास्तरले सांग," ती म्हणाली, "गडी कामचोर हाय इथचे."

हे मुद्दाम लावलेलं होतं, असं मी सांगितलं तेव्हा ती हसली. मग माझं तोंड पाहून तिने खोचलेला पदर सोडला.

तेवढ्यात झारी घेऊन सर आले. वाफ्यांकडे पाहिलं, जुड्यांकडे पाहिलं.

"ह्या कोण गा?"

ओळखत नाही म्हणावं, असं क्षणभर मनात आलं.

"माझी माय, सर. निंदायला जाते."

"चुकलं जी," माय म्हणाली. "तण लावतेत, हे मले काय ठाऊक?"

सर जुड्यांपाशी उकिडवे बसले. "माही मायही मुळं अशीच उन्हाकडं करे. पुन्हा धरू नये म्हणून." मग बारीक पांढऱ्या फुलांची शेवटची जुडी त्यांनी उचलली. "बाई, याले तुमच्याकडं काय म्हणतेत?"

"शिदोरी. दुपार झाली का फूल मिटते. मंग आमी बाया शिदोरी सोडतो."

सरांनी ते नाव दोनदा स्वतःशीच म्हणून पाहिलं.

"माय गेली तवा चौथीत होतो मी," ते म्हणाले. "हे फूल तोडून तिच्या केसांत खोवत होतो. काय म्हणे ती, तेवढंच आठवे ना. लई गावांत विचारलं."

मग जन्मभर तण उपटलेली माझी माय दुपारपर्यंत तण लावत बसली. सर झारी घेऊन मागे मागे. "खोल लावा, बाई." "मले नका शिकवू जी!" फुलं मिटायला लागली तशी तिने भाकरीचं फडकं सोडलं. माझ्यासाठी आणलेल्या तीन भाकरींपैकी दोन सरांनी खाल्ल्या.

सोमवारी परीक्षेसाठी पाट्या काढलेल्या होत्या. शेवटच्या वाफ्यातली तेवढी जागेवर होती, दोन्ही ओळी भरून. सरांकडून फुकट मार्क! पोरांचा विश्वास बसेना. नीट पाहायला मी खाली वाकलो, तर सर मागून खेकसले,

"हात नको लावू गा. रंग ओला आहे."