डिकीवरची पाच अक्षरं

मुलीचा फोन आला तेव्हा चष्मेवाले एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होते. फोन बायकोने घेतला. ती फार बोलली नाही. "ये," म्हणाली, मग "कधीही ये" म्हणाली आणि फोन ठेवून दुकान आणि घर यांच्यामधला पडदा मुठीत धरून उभी राहिली. गिऱ्हाईक गेल्यावर तिने सांगितलं की छकू रविवारी येतेय, दोन बॅगा घेऊन, आणि आता परत जायची नाही.

काय झालं, असं चष्मेवाल्यांनी विचारलं नाही. काय चाललंय ते दोघांनाही मुलीच्या आवाजावरून केव्हाच कळलं होतं, फक्त बोलून दाखवायची कोणाची छाती होत नव्हती. ते एवढंच म्हणाले की मी गाडी घेऊन स्टँडवर जाईन.

"जा," बायको म्हणाली. "पण आधी गाडीच्या मागे काय लिहिलंय ते बघून या."

चष्मेवाले बाहेर गेले. जुनी निळी गाडी दुकानासमोर उन्हात उभी होती आणि तिच्या डिकीवर ठसठशीत लिहिलेलं होतं, 'शुभविवाह'. म्हणजे लिहिलेलं असं नव्हतं. दीड वर्षापूर्वी लग्नासाठी चष्मेवाल्यांनी गाडीला स्वस्तात नवा रंग मारून घेतला होता आणि दुकानाची पाटी करणाऱ्याकडून चिकटवायची चंदेरी अक्षरं कापून आणली होती. पाटीवाल्याला त्यांनी बजावलं होतं की गोंद असा लाव, जन्मात सुटता कामा नये. अक्षरं महिन्याभरात सोलून निघाली. गोंद मात्र दिल्या शब्दाला जागला. त्याच्यावर धूळ बसली, धुळीवर धूर बसला आणि चांदीपेक्षा काळ्या रंगात ती अक्षरं जास्तच उठून दिसू लागली. चष्मेवाल्यांना ते आवडायचं. सिग्नलला मागचे लोक वाचून हसायचे तेव्हा आरशातून तेही हसायचे.

आता मुलगी बॅगा ठेवायला डिकीपाशी येणार आणि नेमकी त्या अक्षरांसमोर उभी राहणार. पोरीने आणखी काहीही सोसावं, पण बापाच्या गाडीने तिला टोमणा मारू नये, एवढंच चष्मेवाल्यांच्या डोक्यात बसलं.

त्यांनी बादली आणली, जुना टॉवेल घेतला आणि कंबर कसली. पाण्याने धूळ चटकन गेली आणि चष्मेवाल्यांना हुरूप आला. पण धूळ गेल्यावर खालचा गोंद मोकळा झाला आणि त्याने टॉवेलचा सगळा कापूस ओढून घेतला. घासून दमलेले चष्मेवाले दोन पावलं मागे सरून बघतात तो काळं 'शुभविवाह' जाऊन पांढऱ्या लोकरीने विणलेलं 'शुभविवाह' तयार.

शेजारचे वकील कोर्टात जाता जाता थांबले. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही हा नियम ते फक्त कोर्टात पाळत. ब्लेडने खरवडा, ते म्हणाले. चष्मेवाल्यांनी ब्लेड आणलं आणि 'शु'च्या कोपऱ्याला लावलं. गोंद केसभर निघाला आणि त्याच्या शेजारी रंगावर एक लांब ओरखडा उठला. ओरखडा म्हणजे चष्मेवाल्यांचा जन्माचा वैरी. त्यांनी ब्लेड गटारात फेकलं. मग वकिलांनी थिनर सुचवलं.

"थिनरने गोंद जाईल आणि त्याच्यामागोमाग रंगही जाईल," बायको दारातून म्हणाली. "मी बरण्यांवरची लेबलं कशी काढते ते इतक्या वर्षांत कधी बघितलंत का? तेल लावायचं आणि गप्प बसायचं."

गप्प बसणं चष्मेवाल्यांना तेल लावण्यापेक्षा जड जात होतं, पण दुसरा उपाय नव्हता. बायकोने गोडंतेल दिलं, मुलीचा जुना केस वाळवायचा ड्रायर दिला आणि एक बाद झालेलं प्लास्टिकचं कार्ड दिलं. तेल लावा, मुरू द्या, लांबून जरा ऊब द्या, कार्डाच्या कडेने हळूच ढकला, मऊ फडक्याने पुसा. गोंद खरंच सुटू लागला. त्याचे शेवयांसारखे वळ होऊन बाजूला येत होते आणि चष्मेवाले ते एकेक करून कागदावर पुसत होते. 'शु' गेलं, 'भ' गेलं. नुसतं 'विवाह' उरलं ते त्यांना बघवेना, म्हणून जेवायलाही न उठता त्यांनी पुढचं अक्षर काढलं. संध्याकाळी वकील परतले, डिकीकडे बघून मोठ्याने "वाह" म्हणाले आणि निघून गेले. आपलं काम एका माणसाला तरी पटलं म्हणून चष्मेवाले सुखावले. वकिलांनी नुसतं उरलेलं वाचलं होतं, हे त्यांना जेवताना कळलं. तोवर भूक मेली होती.

दुसऱ्या दिवशी उरलेली दोन अक्षरं गेली. डिकी तेलाने नुसती चमकत होती, तिच्यावर एक काना दिसत नव्हता. आता तेलकटपणा तेवढा काढायचा म्हणून त्यांनी साबणाच्या पाण्याने डिकी धुतली, कोरडी केली आणि मागे सरून पाहिलं.

'शुभविवाह' जिथल्या तिथे होतं.

गोंदाचा कण नव्हता. बोट फिरवलं तर काचेसारखं गुळगुळीत. पण दीड वर्षाच्या उन्हाने सगळ्या गाडीचा स्वस्तातला रंग विटून गेला होता आणि गोंदाने तेवढी पाच अक्षरं उन्हापासून राखली होती. लग्नाच्या दिवशीची गर्द निळाई आता फक्त तिथे शिल्लक होती. चष्मेवाले फूटपाथवर मटकन बसले. त्यांना रडू आलं आणि ते ड्रायरच्या वायरीची गुंडाळी करत राहिले.

रंगाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, आठवडाभर गाडी सोडून जा. आठवडा कुठला, रविवार तोंडावर आला होता. मग चष्मेवाल्यांनी स्वतःची समजूत काढली की आपल्याला माहीत आहे म्हणून दिसतंय, परक्या नजरेला दिसणार नाही. ते तपासायला लागतात ती माणसं त्यांच्या दुकानात रोजच येत होती. नंबर काढायला आलेल्या माणसाला भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता न दाखवता ते दाराकडे तोंड करून बसवू लागले. समोर निळी गाडी आहे, तिच्यावर काही दिसतंय का? एका मास्तरणीने दुसऱ्या भिंगालाच वाचलं. एका ड्रायव्हरने तर भिंग लावायच्या आधीच वाचलं आणि अभिनंदन केलं. शेवटी एक आजी आल्या. त्यांना शब्द तर नाहीच, गाडीही दिसेना. चष्मेवाले इतके खूष झाले की तुमची नजर उत्तम आहे, चष्मा नकोच, असं सांगून त्यांनी आजींना दारापर्यंत पोचवलं. आजी आरशासमोर थांबल्या, पलीकडच्या बाईला "आधी तुम्ही जा" म्हणाल्या आणि वाट बघत उभ्या राहिल्या. बायकोने त्यांना हाताला धरून परत आणलं आणि खुर्चीत बसवलं.

शनिवारी चष्मेवाल्यांनी शेवटचं शस्त्र काढलं. भिंगं घासताना ती चकाकावीत म्हणून वापरायची बारीक पावडर ओल्या फडक्यावर घेऊन, उभ्या आयुष्यात भिंगं घासली तशी, गोल गोल, हलक्या हाताने त्यांनी अक्षरं घासली. हात कसलेला होता. अंधार पडेपर्यंत पाचही अक्षरं अशी लखलखली की त्यांत तोंड दिसावं. बायको बघायला आली आणि त्यांच्या हातातलं फडकं तिने काढून घेतलं.

"पुरे," म्हणाली. "हात सुजलाय."

रविवारी त्यांनी डिकी रिकाम्या फ्रेमच्या खोक्यांनी गच्च भरली, म्हणजे बॅगा मागच्या सीटवर जातील, आणि स्टँडवर गाडी भिंतीला पाठ लावून उभी केली. छकू बसमधून उतरली. किती वाळली होती. ती इकडेतिकडे बघत राहिली, हात हलवणाऱ्या बापाकडे बघून तिने नजर दुसरीकडे वळवली, आणि अगदी दोन हातांवर आल्यावर तिने त्यांना ओळखलं.

"चष्मा कुठेय?" चष्मेवाल्यांनी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"तिकडेच राहिला. निघताना सापडेना." ती बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत होती. "शोधत बसले असते तर निघालेच नसते, बाबा."

घरी पोचल्यावर ती गाडीच्या मागून वळून गेली. डिकीवर हात टेकून क्षणभर थांबली. "गाडी धुतली वाटतं," ती म्हणाली आणि आईच्या गळ्यात पडली. तिला काही दिसलं नव्हतं. इतके दिवस गावभरच्या लोकांची नजर तपासली आणि जिच्यासाठी हा उपद्व्याप, तिला हाताच्या अंतरावरचंही वाचता येत नव्हतं. चष्मेवाल्यांना हायसं वाटलं, आणि लगोलग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

मुलीचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. चष्मा संध्याकाळपर्यंत झाला असता. पण सोमवारी ते म्हणाले, भिंग संपलंय. मंगळवारी म्हणाले, फ्रेम मनासारखी मिळत नाही. छकू भिंतीला हात लावत घरात फिरत होती, चहात साखर समजून मीठ घालत होती आणि तक्रार करत नव्हती. ती आता कसलीच तक्रार करत नाही, हे बघून आईचा जीव तुटत होता. शेवटी तिने पडद्याआड नवऱ्याला गाठलं.

"गाडी दिसू नये म्हणून पोरीला आंधळी ठेवणार आहात का?"

चष्मेवाल्यांनी त्याच दुपारी भिंग घासलं. इतकं नितळ भिंग त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. मुलीला समोर बसवून त्यांनी चष्मा तिच्या कानांमागे अडकवला. छकूने आधी तक्ता बघितला, मग आईकडे बघितलं, मग बापाच्या पिकलेल्या केसांकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग ती उठली आणि बाहेर गेली. चष्मेवाले मागोमाग धावले, पण ती गाडीच्या मागे पोचली होती. ती हाताची घडी घालून उभी होती आणि वाचत होती. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं.

"मी खूप घासलं गं," चष्मेवाले म्हणाले. "जात नाही ते. गोंद गेला, पण रंगातच राहिलंय."

"बाबा, हे चुकलंय."

"माझंच चुकलं. मी त्या पाटीवाल्याला..."

"तसं नाही हो. 'वि' बघा. दुसरी वेलांटी आहे."

चष्मेवाले वाकले. वेलांटी उजवीकडे होती. तेल लावून, कार्डाने ढकलून, पावडरने आरशासारखी चकाकवून त्यांनी ती चुकीची वेलांटी चार दिवस जपली होती. ती वाचणाऱ्या एकाही माणसाच्या लक्षात आली नव्हती, वकिलांच्याही नाही.

"लग्नाच्या दिवशी तुला दिसलं नाही?"

"त्या दिवशी चष्मा कुठे होता मला? फोटो चांगले येत नाहीत म्हणून तिकडच्यांनी काढून ठेवायला लावला होता." छकूच्या ओठाचा कोपरा हलला. आल्यापासून पहिल्यांदाच. डोळे भरून आले होते तरी हलला. तिने बोटाने त्या वेलांटीवरून एकदा खालीपर्यंत रेघ ओढली.

"पुसता येत नसेल तर निदान वेलांटी तरी नीट करून घ्या, बाबा," ती म्हणाली. "लोक काय म्हणतील?"