हात जोडणारा हीरो

आता रमाकांत परुळेकरांना कोणी सांगितलं होतं का मध्ये तोंड घालायला? लालबागच्या त्यांच्या सोसायटीत वॉर्डाचे उमेदवार अवधूतभाऊ म्हणाले, "पत्रकं थेट रद्दीत जातात, यंदा कॉमिक काढू या," आणि हे बोलून गेले, "मी काढतो की!"

विम्याच्या ऑफिसात हेडक्लार्क असलेल्या ह्या गृहस्थाने जन्मभर फायलींच्या पाठीवर चित्रं काढली. बायको लतिका त्यांना 'रेघोट्या' म्हणायची. एकदा तरी तिने कौतुक करावं, एवढीच त्यांची इच्छा. (निवडणूक कोण जिंकतो, ह्याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं.)

गोष्ट झकास होती. कचरासुर राक्षस वॉर्डात शिरतो आणि भाऊ त्याला लोळवतात. पण बघून काढल्याशिवाय रमाकांतांना माणूस जमत नसे आणि भाऊ प्रचारात. मग त्यांनी नाक्यावरच्या बॅनरवरून भाऊ काढले. बॅनरवर भाऊ हात जोडून उभे, म्हणून कॉमिकमध्येही पानोपानी हात जोडूनच! राक्षस कचऱ्याची गाडी डोक्यावर उचलतो, भाऊ हसतमुखाने हात जोडतात. घाईत कोणी न बघताच ते छापलं आणि वॉर्डभर वाटलंही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लतिकाकडे बायका जमल्या आणि कॉमिक हातोहात फिरलं.

"अगो बाय, हा तर राक्षसाच्या पाया पडताय!" शेजारच्या गंगुबाई ओरडल्या.

"राक्षस निदान गाडी तरी उचलतोय," त्यांची सून सीमा म्हणाली. "माझं मत त्यालाच!"

हसून हसून लतिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. रमाकांत स्वयंपाकघरात लपून तिळाचे लाडू चघळत बसले. तेवढ्यात दारात खुद्द अवधूतभाऊ! आता मेलो, म्हणत बिचारे बाहेर आले.

"काका, पोरं नुसती कचरासुर-कचरासुर करतायत. मला कोण विचारत नाय!"

"भाऊ, चुकलं हो माझं..."

"चुकलं काय? हिट आहे! दुसरा भाग काढा. त्यात राक्षस मी."

"मग हात कोण जोडणार?"

"ह्यांनाच उभं करा," लतिका म्हणाली. "घरात रोजची प्रॅक्टिस आहे."

बायका पुन्हा हसत सुटल्या. मग लतिका हळूच म्हणाली, "पण खरं सांगू, अहो? राक्षस फार गोड काढलात."

रमाकांतांना भरून आलं. त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"काका, हलू नका!" भाऊंनी मोबाईल काढला. "फोटो घेतो!"