परबकाकांची आचारसंहिता

निवडणूक जाहीर झाली की लालबागच्या आमच्या चाळीत एकच माणूस पेढे वाटतो. परबकाका. उमेदवार कोण, पक्ष कुठला, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. लोकसभा, विधानसभा, महापालिका, काहीही चालतं. मध्ये पालिकेची निवडणूक लांबत गेली, तेव्हा ते रोज सकाळी गॅलरीत माझ्या हातातला पेपर ओढून घ्यायचे.

"काय रे झिला, तारीख लागली?"

नाही म्हटलं की भडकायचे. "लोकशाहीचा मुडदा पाडला ह्यांनी!"

मी भारावलो. निवडणुका घ्या म्हणून आम्ही पत्रक काढलं, त्यावर पहिली सही त्यांचीच घेतली.

खरं कारण मला मागाहून कळलं. काका एका बँकेत गनमॅन होते. रिटायर झाले तरी त्यांची परवान्याची दुनळी बंदूक घरीच आहे. आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. आणि बंदूक घराबाहेर गेली की ऐरोलीहून त्यांची मुलगी सुजाताताई घरी येते, नातीला, मनूला घेऊन.

झालं होतं ते असं. काका एका दुपारी बंदुकीला तेल देत बसले होते. छोट्या मनूने येऊन नळीला डोळा लावला. "आबा, आत काळोख आहे."

बंदूक रिकामी होती. काडतुसं कपाटात, कुलपात. सगळं नियमात. तरी सुजाताताईने त्याच दुपारी बॅग भरली.

"रिकामी आहे हे तुम्हाला ठाऊक, बाबा. तिला ठाऊक होतं का? ही घरात आहे तोवर आम्ही येणार नाही."

मला बोलायला एवढं पुरे होतं. "काका, सरसकट बंदीच हवी. माणसांच्या घरात बंदूक हवी कशाला?"

"घाल बंदी. पाळणार कोण? ठाण्यात रांगेला आम्ही पेन्शनर, सराफांचे दोन वॉचमन आणि एक शेठ. गावठी कट्टेवाला कधी रांगेत बघितलास? 'साहेब, आमचा पण लिहून घ्या' म्हणताना?"

"म्हणजे जमा करायचा नियम फुकटच ना?"

"फुकट?" काका दुखावले. "एक नंबर नियम आहे. फक्त मुदत कमी पडते."

यंदा तारखा जाहीर झाल्या त्याच दिवशी ते बंदूक घेऊन ठाण्यात हजर. हवालदार म्हणाला, "काका, वरून ऑर्डर तर येऊ द्या!"

"मगे मी बसतंय हयच," म्हणून काका बाकावर बसले ते पावती घेऊनच उठले.

मग त्यांच्या खोलीला घरपण आलं. सुरमई तळल्याचा वास मजलाभर. मनू गॅलरीत पळायची आणि काका तिचा घोडा होऊन गुडघे सोलून घ्यायचे. प्रचाराचा भोंगा वाजत गेला की खूश होऊन सांगायचे, "ओरडू दे रे, अजून आठवडा आहे."

निकाल लागला. खाली फटाके फुटत होते, गुलाल उडत होता. काकांनी मला बाजूला घेतलं. "फेरमतदान नाही काय रे कुठे? एखादं तरी मशीन बिघडलं असेल."

कुठलंच बिघडलं नव्हतं. सुजाताताई मनूला घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात ठाण्यातून फोन आला आणि सोबत म्हणून मी काकांबरोबर गेलो. परतताना त्यांच्या खांद्यावर बंदूक, हातात भाजीची पिशवी.

मला राहवेना. "काका, एक अर्ज करा. बंदूक आणि परवाना कायमचं जमा. सुजाताताई दर रविवारी येईल."

"माझ्या डोक्यात नाही आलं असं वाटतं तुला?"

"मग अडलंय कुठे?"

काका पुलाखाली थांबले. सिग्नल सुटला होता, तरी थांबून राहिले.

"आता मनू येत नाही तेव्हा मी स्वतःला सांगतो, घरात बंदूक आहे, पोर कशी येणार?" त्यांनी खांद्यावरचा पट्टा सारखा केला. "देऊन टाकली, आणि तरी नाही आली तर?"

बंदुकीच्या प्रश्नावर माझ्याकडे अजून पुष्कळ मुद्दे होते. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि पुढच्या सिग्नलला आम्ही रस्ता ओलांडला.