कुपीतला कापूर

मनीषा शेवाळे नाशिकच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि सहा वर्षं पीएच.डी. करत होती. मार्च २००४मध्ये नोंदणीची मुदत संपत होती. तिचा विषय असा, की वाटीच्या आकाराचे दोन रेणू द्रावणात आपणहून तोंडाला तोंड लावतात आणि त्यांची बंद कुपी होते. आत एकाच छोट्या रेणूला जागा. तिथं बसवायला तिने जर्मनीहून एक पाहुणा रेणू मागवला होता.

नमुने तपासायचं यंत्र पुण्यात होतं. तिथून मार्गदर्शक सरांचा फोन आला.

"कुपी झालीये. आत कुणीतरी बसलंयही. पण तो तुझा पाहुणा नाही."

तिने द्रावकाची बाटली बदलली, काचसामान पुन्हा धुतलं. दुसऱ्या नमुन्यातही तोच आगंतुक. तिसऱ्या वेळी सरांनी त्याचं नाव सांगितलं.

"कापूर. तू प्रयोगशाळेत आरती करतेस का?"

वाटीच्या रेणूंची तिची पावडर उघड्या बशीत कपाटात वाळायची. तिने कपाट उघडलं. कोपऱ्याकोपऱ्यात कापराच्या वड्या होत्या.

"झुरळं लय झाली होती," शिपाई धोंडीराम म्हणाले. "डांबरगोळीचा वास तुम्हाला सोसत नाय, म्हणून कापूर ठेवला."

"काका, माझं अख्खं वर्ष वाया घालवलंत तुम्ही."

हे तिने सगळ्यांदेखत सुनावलं. धोंडीरामांनी कपाट रिकामं केलं, सोड्याच्या पाण्याने धुतलं. त्यानंतर मात्र तिच्या टेबलाला त्यांनी फडकं लावलं नाही.

चौथा नमुना घेऊन मनीषा स्वतः एसटीने पुण्याला गेली. सर बराच वेळ आलेख बघत राहिले.

"तुझा पाहुणा आत जातच नाही. केसभर मोठा पडतोय. कापूर मात्र काय नेमका बसला होता." त्यांनी चष्मा काढला. "त्याच्यावरच लिही आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धोंडीरामांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, माझं चुकलं. आणि... थोडा कापूर हवा होता."

"घरी हाय. आणतो," ते म्हणाले. दुपारी तिचं टेबल पुसलेलं होतं.

प्रबंध वेळेत गेला. तोंडी परीक्षा कॉलेजातच झाली. बाहेरून आलेले परीक्षक चहा संपवून म्हणाले, "पाहुणा म्हणून कापूर निवडलात, ही फार सूक्ष्म दृष्टी आहे. कसं सुचलं?"

मनीषाने कप खाली ठेवला. "मला नाही सुचलं, सर. धोंडीराम पगारे यांनी निवडला."

परीक्षकांनी गंभीरपणे नाव लिहून घेतलं. "हे कुठल्या संस्थेत असतात?"

रिकामे कप गोळा करणारे धोंडीराम थबकले.

"इथंच असतो, साहेब."