पडद्यामागचं पान

मास्तर टेबलाशी लिहायला बसले, की घरातल्या प्रत्येकाला त्यांची हटकून आठवण यायची.

"अहो, गॅस संपला वाटतं!"

"बाबा, हे गणित बघा ना!"

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं आणि सकाळी कामावर जाण्याआधी कादंबरीचं एक पान लिहायचं, असा त्यांचा पण होता. पण कादंबरीचा नायक कधीपासून एका दारात बेल वाजवून उभा होता आणि त्याला आत घ्यायला मास्तरांना सवड मिळत नव्हती.

हाक मारली जायची नाही अशी घरात एकच जागा होती. खोलीच्या कोपऱ्यात पडदा लावून मास्तरांच्या आईने प्रार्थनेला जागा केली होती. पडद्यामागच्या माणसाला कोणीही हाक मारायची नाही, हा आईचा नियम. एका सकाळी खिशात कागद आणि पेन घालून मास्तर पडद्यामागे गेले. दोन मिनिटं मनापासून हात जोडले आणि मग लिहायला लागले. पान पूर्ण झालं! नायक घरात शिरला.

बायकोला नवऱ्याच्या भक्तीचं इतकं कौतुक वाटलं, की तिने ते शेजारच्या शिवणवाल्या बाईंना सांगितलं. या बाई मास्तरांकडेच गाडी शिकत होत्या आणि लायसन्सच्या परीक्षेत नेमाने नापास होत होत्या.

"मास्तर, माझ्यासाठी पण दोन शब्द टाका की वर!"

परीक्षेच्या दिवशी नेमका रस्ता खोदलेला होता. परीक्षकांनी गाडी फाटकापर्यंत नेऊन परत आणायला सांगितली आणि बाई पास झाल्या. झालं! आता सगळ्यांनाच मास्तरांची प्रार्थना हवी होती.

"क्लचचं राहू दे मास्तर, प्रार्थना तेवढी चुकवू नका," स्कूलच्या मालकांनी बजावलं.

मास्तर हो म्हणून बसले. शेवटी गाडी शिकणाऱ्या एका बेकरीवाल्याने भर चौकात स्टिअरिंग सोडून हात जोडले आणि डोळेही मिटले.

"अहो, ब्रेक!"

"तुम्ही आहात ना, मास्तर!"

मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला, तोवर गाडी चौकातल्या फुलझाडांत शिरली होती. कोणाला खरचटलंही नाही. पण मास्तरांची देवावर खरीच श्रद्धा होती, त्यामुळे त्यांना फार लाज वाटली. पान बुडालं तर बुडू दे, असं ठरवून त्यांनी त्याच संध्याकाळी जेवताना सगळं सांगून टाकलं.

"आई, मी आत बसून लिहितो. प्रार्थना दोनच मिनिटं."

आईने शांतपणे घास संपवला. "मग? मी काय तासभर प्रार्थना करते होय? दोन मिनिटं देवाचं नाव, मग डुलकी. या घरात हाक न मारणारा तो एकच आहे."

मास्तरांच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. उद्याचं पान पक्कं! बायको मात्र कोणाचं ताट आधी उचलावं ते विसरून आईंकडे बघत राहिली होती.

"म्हणजे इतकी वर्षं मी एकटीच बाहेर?" ती म्हणाली. "उद्यापासून सकाळी मी बसणार आत. चहाचं तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी ती पडद्यामागे गेली. मास्तरांनी दूध गॅसवर ठेवलं. साखर सापडेना, म्हणून ते पडद्यापर्यंत गेले, तोंड उघडलं आणि तसंच मिटून परत आले. मग ओट्यावरच कागद पसरून उभ्याउभ्या लिहायला लागले. पेन असं काही धावायला लागलं, की जगाचा विसर पडला.

"अहो, दूध!" पडद्यामागून खणखणीत आवाज आला.

मास्तर दचकून गॅसकडे धावले. आतल्याला हाक मारायची नाही, एवढाच नियम होता. आतल्याने मारू नये, असं कोणीच म्हटलं नव्हतं.