डावीकडची खिडकी

विमानात खिडकी कोणीही मागतं. कुठली मागायची, हे कळायला डोकं लागतं, आणि आमच्या घरापुरतं ते माझ्याकडे आहे असं माझं प्रामाणिक मत होतं. तासाभराच्या प्रवासात तर फारच विचार करावा लागतो. ऊन कुठल्या अंगाला, पंख कुठे, चढताना खाली काय दिसणार! बायको म्हणाली, बसमधून रोज भलत्याच स्टॉपवर उतरणाऱ्या माणसाने इतकं बोलू नये. मी दुर्लक्ष केलं.

प्रश्न सासूबाईंचा होता. धाकट्या मेव्हणीला मुलगी झाली होती आणि सासूबाईंना नात बघायला जायचं होतं. सासरे मात्र विमानात बसायला तयार नव्हते. ते शिंपी. ज्याची शिवण आतून तपासता येत नाही, त्यावर त्यांचा विश्वास नाही. ह्यांना टाकून मी जाणार नाही म्हणून सासूबाई अडून बसल्या, आणि तिकडे नात मोठी व्हायला लागली.

मग मी तोडगा काढला. सासू-सासरे आमच्याच घरी वरच्या मजल्यावर राहतात आणि विमानतळ जवळच आहे. रोज सकाळी विमानं आमची गच्ची डाव्या हाताला ठेवून चढतात, हे मी चहा पिताना कितीदा पाहिलं होतं. सासूबाईंना पंखाच्या पुढची डावी खिडकी द्यायची, सासऱ्यांनी गच्चीवर लाल अस्तराचं कापड हलवायचं. म्हणजे दोघांची आकाशात भेट! सासूबाईंनी लगेच बॅग भरली, सोबतीला मी निघालो.

विमान निघालं ते धावपट्टीचं नेहमीचं टोक सोडून भलत्याच टोकाला गेलं. वारा फिरला की विमान उलट दिशेने उडतं, ही माहिती मला हवाई सुंदरीने तेव्हा दिली. म्हणजे आता विमान वळून येणार आणि घर उजवीकडे दिसणार. उजव्या खिडकीत एक ऐसपैस गृहस्थ वर्तमानपत्र पसरून बसले होते. मी त्यांना विनवलं, खाली लाल कापड हलवणारे एक आजोबा दिसतात का, जरा बघा. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. पुढच्यांनी ऐकलं, मागच्यांनी विचारलं, आणि उजवी बाजू अख्खी काचेला नाक लावून माझे सासरे शोधू लागली. एकाने लाल टाकी दाखवली, एकीने लाल ट्रक. सासूबाईंनी पट्ट्यात अडकल्या अडकल्या मान उंचावून दोन्ही नाकारली. तेवढ्यात ढग आले.

"हे उन्हात उभे असतील हो," त्या हळूच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उतरल्यावर त्यांनी घरी फोन लावला. आता आमची शोभा होणार, म्हणून मी खाली मान घालून उभा होतो.

"पाहिलं बरं का तुला!" सासऱ्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "केवढं खालून गेलं विमान. हिरव्या स्वेटरमध्ये होतीस. हात हलवलास, हसलीससुद्धा."

वारा फिरल्यामुळे त्या वेळी आमच्या गच्चीजवळून उतरणारी विमानं येत होती. सासऱ्यांनी कुणा परक्या बाईलाच मनापासून निरोप दिला होता. सासूबाईंनी आपल्या तपकिरी स्वेटरकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला.

"हो तर. मीही पाहिलं तुम्हाला."

"घाबरलेली नाही दिसलीस."

"घाबरायचंय काय त्यात?"

मग सासरे म्हणाले, जावईबापूंना सांग, माझंही तिकीट काढा म्हणावं, उद्याचं. सासूबाईंचे डोळे भरून आले. माझी छाती फुगली. मी फोन हातात घेतला आणि ऊन, पंख, वारा असं सगळं समजावून कुठली खिडकी घेऊ, म्हणून विचारलं.

"खिडकी नको," सासरे म्हणाले. "मला बाहेर बघायचंच नाही. दोन्हीकडे माणसं असतील अशी जागा घ्या."